बारनिशी आणि चौकट

साताऱ्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या ज्या गृहस्थांना सबंध आळी मामा म्हणते, त्यांनी नोकरीची सारी वर्षे एका बँकेच्या संगणक-विभागात हिशेबाचे प्रोग्राम लिहिण्यात आणि दुसऱ्यांनी लिहिलेले दुरुस्त करण्यात घालवली. आणि निवृत्त होऊन बराच काळ लोटला तरी, जुन्या वैद्याचा हात जसा समोर बसलेल्या माणसाच्या मनगटाकडे आपोआप जातो, तसे एखाद्या रेंगाळणाऱ्या प्रोग्रामची नाडी पाहिल्यावाचून त्यांना दुपारचा चहा गोड लागत नाही. त्यांची सख्खी भाची पुण्यास नोकरीला आहे. तिच्या देखरेखीखालचे प्रोग्राम दिवसा वा रात्री क्षणभरही बंद पडता कामा नयेत, ही तिच्या नोकरीची मुख्य अट. दिवाळीच्या सुट्टीत ती मामांकडे आली असता दोघांमध्ये जो वाद झाला, तो मी चकल्यांच्या ताटलीमागे बसून साद्यंत ऐकला. चालू प्रोग्रामातले कोणते फंक्शन किती वेळा बोलावले जाते, हे मोजावे की नाही आणि मोजायचे तर कोणत्या रीतीने, एवढाच त्या वादाचा विषय होता.

फंक्शन म्हणजे काय हे न जाणणाऱ्या वाचकाने प्रोग्रामला एक मोठी कचेरी समजावे आणि फंक्शनला तीतला एकेक कारकून. एकाने दुसऱ्याला काम सांगायचे, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि काम पुरे झाले की हाक जिथून आली तिथे उत्तर परत पाठवायचे, असा तिथला शिरस्ता. काम तुंबले म्हणजे कोणाच्या टेबलाशी तुंबले हे शोधावे लागते आणि त्याच्या दोन रीती आहेत. प्रत्येक टेबलाशी बारनिशी ठेवून आलेल्या प्रत्येक कागदाची नोंद करावी, ही एक. किंवा साहेबाने अवचित, पुनःपुन्हा खोलीत डोकावून त्या क्षणी कोणाचा हात चालू आहे एवढेच टिपून घ्यावे, ही दुसरी. मामा बारनिशीचे, भाची डोकावणाऱ्यांपैकी.

निमित्त झाले एका पतसंस्थेचे. तिचा व्याज-आकारणीचा प्रोग्राम महिनाअखेरीस रात्रभर चालत असे, आणि नवे, महागडे यंत्र घ्यावे असा ठराव जवळजवळ मंजूर होत आला असता कोणीतरी मामांना बोलावले.

“मी म्हटले, यंत्राचे मागाहून पाहू, आधी हजेरीपट दाखवा,” मामा सांगू लागले. “हजेरीपट नव्हताच. तेव्हा प्रोग्राम पुन्हा कंपाइल करून, म्हणजे यंत्रभाषेत नव्याने उतरवून, प्रत्येक फंक्शनच्या तोंडाशी मोजणीचा पहारा बसवला आणि एका रात्रीची बारनिशी काढली. व्याजाचा दर शोधून देणारे एक फंक्शन प्रत्येक खात्याच्या प्रत्येक दिवसासाठी, म्हणजे खात्यांची संख्या गुणिले तीस इतक्या वेळा, बोलावले जात होते. आणि साऱ्या संस्थेत मिळून दर किती, तर सात! सात दरांचा तक्ता आरंभीच करून ठेवला. ठराव बारगळला.”

“छान केलेत,” भाची म्हणाली, “पण मामा, नुसते डोकावून पाहिले असते तरी तेच फंक्शन सर्वांत वर आले असते, आणि पुन्हा कंपाइल करण्याचा खटाटोपही वाचला असता.”

“वर आले असते, कबूल. पण त्याने मला सांगितले काय असते? की हा कारकून दमला आहे. का दमला हे कोण सांगणार? त्याच्याकडे एकच अर्जदार आला आणि पहाटेपर्यंत बसून राहिला, की लाखो अर्जदार येऊन प्रत्येकाने एकेक क्षण घेतला? तुझ्या टिपणवहीत या दोहोंची नोंद अगदी सारखी उतरते. आणि उपाय तर परस्परविरुद्ध आहेत: पहिल्या बाबतीत कारकुनाला चांगले काम शिकवायचे, दुसऱ्या बाबतीत अर्जदारांना घरी बसवायचे.”

एवढे बोलून त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेवर पेन्सिलीने आकडे मांडले. ज्या संख्यामालिकेत प्रत्येक पद आधीच्या दोन पदांच्या बेरजेइतके असते, आणि जी फिबोनाचीच्या पुस्तकाच्या अर्धशतक आधी आपल्याकडे हेमचंद्राने मात्रावृत्तांची गणना करताना सांगितली होती, तिचे तिसावे पद काढणारे एक फंक्शन घ्या. ते स्वतःलाच दोनदा हाक मारते, एकदा आधीच्या पदासाठी आणि एकदा त्याही आधीच्या पदासाठी. विद्यार्थ्याला हे फार सुबक वाटते. मात्र त्या एका उत्तरासाठी ते फंक्शन किती वेळा बोलावले जाते, याचे मामांनी काढलेले उत्तर २६,९२,५३७ असे होते. काढायची पदे शून्यापासून तीसपर्यंत, म्हणजे केवळ ३१. एकदा काढलेले पद वहीत लिहून ठेवले तर एवढ्याच कामाला ५९ हाका पुरतात.

“तुझे घड्याळ इथे काय म्हणेल? सगळा वेळ याच फंक्शनमध्ये गेला. अगं, प्रोग्रामात दुसरे फंक्शनच नाही! शंभर टक्के खरे आणि शंभर टक्के निरुपयोगी. आणि आणखी एक: ही संख्या आज मोज, उद्या मोज, या यंत्रावर मोज की त्या, तोच प्रोग्राम, तेच कागद, तर संख्याही तीच. वेळेचे तसे नाही. यंत्र तापले, शेजारी दुसरे काम निघाले, की वेळ बदलली. संख्या प्रोग्रामची असते. वेळ त्या दिवसाची.”

हे शेवटचे वाक्य मला आवडले, आणि भाचीलाही आवडले असावे, कारण तिने लगेच उत्तर न देता एक चकली मोडली. मग म्हणाली, “तेच कागद असले तर, मामा. माझ्याकडे दर सेकंदाला नवे कागद येतात आणि कालचे आज नसतात. शिवाय, मला ३१ आणि २६ लाख यांचा भेद कळायच्या आधी, हजारो फंक्शनांच्या रानात कोणत्या झाडाखाली उभे राहायचे हे कळायला हवे. ते मी सेकंदातून ९९ वेळा डोकावून शोधते. शंभर वेळा नव्हे. कारण प्रोग्रामातली पुष्कळ कामेही सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या तालावर चालतात, आणि दोघांचे पाऊल एकत्र पडू लागले तर तोच एक कारकून दर खेपेस जागा किंवा दर खेपेस झोपलेला दिसायचा. अर्ध्या मिनिटात २,९७० टिपणे होतात. एक टक्का वेळ खाणारे फंक्शन त्यांत सुमारे ३० वेळा सापडते, पाच-सहांच्या फरकाने. एवढ्यासाठी प्रोग्राम थांबवावा लागत नाही, पुन्हा कंपाइल करावा लागत नाही, आणि कोणाला पत्ताही लागत नाही. आजोबांनी जन्मभर दुसरे काय केले? तालुक्यातले प्रत्येक कणीस मोजले का त्यांनी?”

इथे वाद घरगुती झाला. भाचीचे आजोबा, म्हणजे मामांचे वडील, शेतकी खात्यात पीक-कापणी प्रयोगांवर होते. नजरअंदाजाने आणेवारी ठरवण्याच्या जुन्या पद्धतीऐवजी यादृच्छिक रीतीने शेत निवडायचे, त्यात यादृच्छिक जागी ठरावीक मापाची चौकट आखायची, तिच्यातले पीक कापून, मळून, वजन करून त्यावरून जिल्ह्याचा उतारा काढायचा, हे ज्या काळात नवे होते त्या काळातले ते मनुष्य. बापाने चौकटीवर विश्वास ठेवला, मुलाने बारनिशीवर, आणि नात पुन्हा चौकटीकडे गेली, याची मला मौज वाटली.

“बाबांचा दाखला देतेस तर पुरता दे,” मामा म्हणाले, आणि त्यांचा स्वर जरा चढला. “आपल्याच जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे, त्यांचे नाव बाबा किती आदराने घ्यायचे हे तुझ्या आईला विचार. चाळीसच्या दशकात सुखात्म्यांनी काय दाखवले? चौकट लहान असली म्हणजे तिच्या सीमेवरचे रोप आत धरायचे की बाहेर, हा प्रश्न वारंवार येतो, आणि कापणारा माणूस ते बहुधा आतच धरतो; त्यामुळे लहान चौकटीवरून काढलेला उतारा फुगतो. बंगालात महालनोबीसांचा भर लहान चौकटींवर होता, आणि दोघांचा त्यावरून चांगलाच वाद झाला. तेव्हा नमुना घेतला एवढ्याने माणूस शहाणा ठरत नाही. चौकट कुठे पडते, आणि तिची कड कोण ठरवतो?”

मला वाटले की भाची आता निरुत्तर होईल. पण या पिढीची एक खोड अशी की तिला स्वतःच्या पक्षाची उणी बाजू विरोधकापेक्षा अधिक ठाऊक असते. “तुम्हाला आणखी एक हत्यार देते,” ती म्हणाली. “२०१० साली काही संशोधकांनी जावा भाषेचे चार नामांकित प्रोफायलर, म्हणजे वेळ कुठे जातो हे शोधणारी साधने, घेतले आणि त्यांना एकच प्रोग्राम दिला. सर्वांत जास्त वेळ घेणारे फंक्शन कोणते, यावर चौघांचे एकमत होईना. कारण असे निघाले की ते डोकावत होते, पण वाटेल तेव्हा नव्हे. जावाचे यंत्र जिथे सुरक्षितपणे थांबू शकते अशा ठरलेल्या जागीच त्यांना दार उघडे मिळे, आणि त्या जागा कुठे असाव्यात हे कंपायलर आपल्या सोयीने ठरवी. तुमच्या सीमेवरच्या रोपासारखेच हे. मात्र यावरचा उपाय सुखात्म्यांनी काय सुचवला? चौकट मोठी करा, नीट आखा. चौकट टाकून देऊन साऱ्या जिल्ह्याचे कणीस न कणीस मोजा, असे ते म्हणाले नाहीत.”

मामा हसले, आणि उठून कपाटातून एक जुनी फाइल घेऊन आले. मामांचा पक्ष ज्या आयुधावर उभा आहे त्याचे नाव जीप्रोफ. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत सुसान ग्रॅहॅम, पीटर केसलर आणि मार्शल मॅक्युसिक यांनी ते तयार करून १९८२ साली त्यावरचा निबंध प्रसिद्ध केला. त्याच्या आधीच्या प्रोफ या साधनात कोणते फंक्शन किती वेळा आले आणि त्याने किती वेळ घेतला एवढेच कळे. कोणी बोलावले ते कळत नसे. जीप्रोफने ती उणीव भरून काढली. कंपायलर प्रत्येक फंक्शनच्या आरंभी एमकाउंट नावाच्या एका चिमुकल्या पहारेकऱ्याला हाक घालून ठेवतो. त्या पहारेकऱ्याला आपण कोणाच्या दाराशी उभे आहोत हे ठाऊक असते आणि काम संपल्यावर परत कुठे जायचे आहे तो पत्ताही दिसतो, म्हणून बोलावणारा आणि बोलावलेला या जोडीच्या नावे तो एक खूण वाढवतो. अशा खुणांपासून सबंध प्रोग्रामचा जणू वंशवृक्षच उभा राहतो.

“इथपर्यंत माझी काहीच तक्रार नाही,” भाची म्हणाली. “पण वेळेच्या रकान्यात जीप्रोफ काय करते? वेळ ते स्वतःही डोकावूनच काढते, घड्याळाच्या टोल्याटोल्याला. म्हणजे या फंक्शनने एकंदर किती वेळ घेतला याचा अंदाज त्याच्याकडे असतो, आणि कोणी किती वेळा बोलावले याची पक्की संख्या असते. मग तो वेळ बोलावणाऱ्यांवर वाटायचा कसा? हाकांच्या प्रमाणात! समजा, तलाठ्याकडे एक मनुष्य वर्षातून एकदा आला आणि साऱ्या भाऊबंदकीचा फेरफार नोंदवून घेत दिवसभर बसला. दुसरा नव्याण्णव वेळा आला तो नुसते ‘साहेब आहेत का’ विचारायला. तुमचे जीप्रोफ तलाठ्याच्या श्रमाचे नव्याण्णव टक्के दुसऱ्याच्या नावे लिहील.”

“निबंध लिहिणाऱ्यांनी हे गृहीत धरले आहे असे स्वच्छ सांगितले आहे,” मामा म्हणाले.

“त्यांनी सांगितले, अहवालाच्या तक्त्यात ते दिसते का?”

माझ्या मते साऱ्या वादाचे मर्म इथे होते आणि ते दोघांनीही अर्धवट सोडले, म्हणून मधे पडून सांगतो. बारनिशी खोटे बोलत नाही; डोकावणाराही, चौकट नीट असेल तर, खोटे बोलत नाही, आपल्या चुकीची मर्यादा सांगून बोलतो. खोटे जन्माला येते ते दोहोंचा भागाकार करताना. अंदाजाने काढलेल्या वेळेला पक्क्या संख्येने भागले म्हणजे येणाऱ्या सरासरीला त्या पक्क्या संख्येची प्रतिष्ठा चिकटते, दशांशचिन्हापुढची स्थळे लागतात, आणि वाचणारा ती सरासरीदेखील मोजलेलीच आहे असे समजून त्यावर हुकूम काढतो. सरकारी अहवालांत दर एकरी, दर माणशी काढलेल्या आकड्यांची जी गत मी पाहिली आहे, ती याहून वेगळी नाही.

मामांनी हा मुद्दा मान्य केला की नाही ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. त्यांनी चहा मागवला. भाची मात्र पुढे सरसावली. “आणि तुमची बारनिशी फाइलीत केव्हा उतरते? प्रोग्राम रीतसर संपला म्हणजे. माझा प्रोग्राम संपतच नाही, आणि संपलाच तर रीतसर संपत नाही. मला मोजायचे झाले तर चालत्या गाडीचे चाक मोजावे तसे मोजावे लागते.”

“पण मोजतेस ना कधीकधी? आणि मुळात संख्येवाचून ज्यांचे चालतच नाही अशी यंत्रे आहेतच की. तुझ्या त्या जावाचे हॉटस्पॉट: फंक्शन किती वेळा आले हे तेच मोजत बसते, आणि सर्व्हरसाठीच्या जुन्या प्रकारात तर हाकांची संख्या १०,००० च्या घरात गेली की ते फंक्शन वेगवान यंत्रभाषेत उतरवायला घेई.”

“मोजते, पण मोठ्या जपून.” मग तिने ती रीत सांगितली. चालू प्रोग्रामच्या स्मृतीत ज्या फंक्शनची गणना हवी, त्याच्या पहिल्या आज्ञेच्या जागी एकच बाइट बदलून सापळ्याची आज्ञा ठेवायची. प्रोग्राम तिथे पाऊल ठेवतो, सापळा मिटतो, ताबा ऑपरेटिंग सिस्टिमकडे जातो. ती एक खूण वाढवते, मूळ आज्ञा बाजूला नेऊन पार पाडते, आणि प्रोग्रामला पुढे जाऊ देते. सोलॅरिस या ऑपरेटिंग सिस्टिमवर डीट्रेस नावाच्या साधनाने २००५ मध्ये हे सर्वसामान्य प्रशासकाच्या हाती दिले. लिनक्समध्ये ही सोय यूप्रोब्स या नावाने २०१२ पासून मुख्य शाखेत आहे. काम झाले की सापळा काढून घ्यायचा, आणि मागे खूणही राहत नाही.

“मग तक्रार काय?”

“तक्रार ही, की फंक्शन स्वतः काही नॅनोसेकंदांत आपले काम उरकते आणि सापळा त्याला मायक्रोसेकंदाच्या घरातला वेळ थांबवतो. खानेसुमारीचा कारकून प्रत्येक माणसाला उंबऱ्यावर दोन घटका अडवून नाव विचारू लागला, तर महिन्यातून एकदा बाहेर पडणाऱ्या सावकाराला ते जाणवत नाही. दिवसातून शंभर फेऱ्या करणाऱ्या हमालाचा दिवस बुडतो. आणि मग तुमचा अहवाल म्हणणार की हमालच आळशी! जितके फंक्शन लहान आणि जितक्या हाका अधिक, तितकी मोजणी त्याच्यावर अन्याय करते. म्हणजे जिथे मोजण्याची सर्वांत जास्त गरज, नेमके तिथेच मोजणी सर्वांत महाग.”

तिच्या भात्यात आणखी एक बाण होता, आणि तो तिने बहुधा मुद्दाम राखून ठेवला होता. २००८ साली लिनक्सच्या २.६.२७ या आवृत्तीची जुळवाजुळव चालू असताना इंटेलची एका विशिष्ट जातीची नेटवर्क-कार्डे पटापट निकामी होऊ लागली. त्यांच्या पोटातली कायमची स्मृतीच बिघडत होती, म्हणजे यंत्र बंद करून पुन्हा सुरू केल्याने जाणारे हे दुखणे नव्हे. संशय आधी कार्डाच्या ड्रायव्हरवर गेला, इतर पुष्कळांवर गेला, आणि अखेर गुन्हेगार निघाला तो एफट्रेस, म्हणजे खुद्द कर्नेलची (लिनक्सच्या गाभ्याची) फंक्शने मोजणारा आणि माग काढणारा नवा कामगार. मोजणी नको असेल तेव्हा एमकाउंटच्या हाका पुसून त्यांच्या जागी रिकाम्या आज्ञा लिहिण्यासाठी त्याने हाकांचे पत्ते टिपून ठेवले होते. त्यांतले काही पत्ते केवळ आरंभी लागणाऱ्या आणि नंतर मोडीत काढलेल्या संहितेचे होते. ती जागा पुढे कार्डाच्या स्मृतीकडे जाणारे दार म्हणून दुसऱ्याला दिली गेली. आणि हा प्रामाणिक सेवक जुन्या पत्त्यावर जाऊन, ‘इथे माझी हाक अजून आहे का, असेल तर बदलतो’ असे पाहू लागला. ज्या आज्ञेने तो पाहत असे ती, जुळणी न झाली तरी, त्या जागी काहीतरी लिहूनच परतते. साध्या स्मृतीत जे होते तेच पुन्हा लिहिले जाते, म्हणून बिघडत नाही. कार्डाच्या दारावर मात्र कोणतेही लिखाण हा हुकूमच असतो. २.६.२७.१ मध्ये ही सोय बंद करावी लागली आणि पुढच्या आवृत्तीत ती नव्याने रचली गेली.

“बारनिशी ठेवणाऱ्याने कचेरी जाळली, मामा.”

“मोजणीने नाही जाळली,” मामा शांतपणे म्हणाले. “शिळ्या पत्त्याने जाळली. घर विकून गेलेल्या माणसाच्या नावाची जप्ती नव्या मालकाच्या दारावर बजावली, तर दोष दप्तराचा. वसुली करणे पाप ठरत नाही.” आणि मग, ज्या मुद्द्याची ते मघापासून वाट पाहत होते तो त्यांनी मांडला. “प्रत्येक दारावर पहारा बसवायलाच हवा, असे तुला कोणी सांगितले? क्नुथ आणि स्टीव्हन्सन यांनी १९७३ सालीच याचे गणित करून ठेवले. प्रोग्रामच्या वाटा काढ. प्रत्येक नाक्यावर जितक्या वेळा आत यायचे तितक्याच वेळा बाहेर जायचे, हा किर्कॉफचा विजेच्या तारांचा नियम; मी त्याला रोजकीर्दीचा नियम म्हणतो. आवक आणि जावक जुळलीच पाहिजे. तेव्हा निवडक वाटांवर मोजले की उरलेल्या साऱ्या वाटांच्या संख्या वजाबाकीने निघतात.”

“म्हणजे तुम्हीही नमुनाच घेता!”

“नमुना नव्हे, पोरी, ताळा. नमुन्यात न पाहिलेल्याचा अंदाज करायचा असतो. ताळ्यात न पाहिलेले सिद्ध होते.”

हा भेद भाचीने मुकाट्याने मान्य केला. प्रोग्राम मध्येच कोसळून एखादा आत गेलेला बाहेर न आला तर ताळा चुकतो, एवढी पुरवणी जोडून. पण तिच्या मनात एक उदाहरण होते आणि ते सांगितल्यावाचून तिला राहवेना. ग्रँड थेफ्ट ऑटो नावाचा एक खेळ आहे. त्याचा ऑनलाइन प्रकार सुरू व्हायला सहा-सहा मिनिटे लागत आणि लाखो खेळाडू वर्षानुवर्षे ती मिनिटे निमूटपणे सोशीत. २०२१ मध्ये एका खेळाडूने, त्याच्याजवळ मूळ संहिता नसतानाही, चालू प्रोग्रामात नमुन्यांनी डोकावून पाहिले, तेव्हा जवळजवळ सगळा वेळ दोन ठिकाणी जात असल्याचे दिसले. खेळातल्या विक्रीच्या ६३,००० वस्तूंची, दहा मेगाबाइटची एक यादी वाचली जात होती. ती वाचताना प्रत्येक तुकड्यासाठी, उरलेली यादी किती लांब आहे हे पाहायला एक फंक्शन तिच्या शेवटापर्यंत चालत जाई आणि परत येऊन एक शब्द वाची. हे पहिले ठिकाण. दुसऱ्या ठिकाणी, वाचलेली वस्तू आधी येऊन गेली नाही ना, हे पाहायला आतापर्यंतच्या साऱ्या वस्तूंशी ती एकेक करून ताडली जाई. या हिशेबाने १,९८,४५,३१,५०० तपासण्या होतात, आणि यादीत एकही वस्तू दुबार नव्हती. त्याने दोन्ही ठिकाणी ठिगळ लावले. सहा मिनिटांची दोन मिनिटांहून कमी झाली. कंपनीने दुरुस्ती स्वीकारून त्याला दहा हजार डॉलर बक्षीस दिले.

“डोकावूनच सापडले,” भाची म्हणाली.

“डोकावून जागा सापडली,” मामा म्हणाले, “पण १९८ कोटींचा आकडा मांडला तेव्हा प्रकरण कळले.” आणि थोडे थांबून, आपल्याच पक्षाविरुद्ध, “पहिल्या ठिकाणी मात्र माझी बारनिशी फसली असती. तिथे हाका दुसऱ्या ठिकाणच्या मानाने थोड्याच. प्रत्येक हाक एक कोट अक्षरांच्या वाटेवरची. नोंद पाहून मी म्हटले असते, या कारकुनाकडे गर्दी नाही, सोडा त्याला.”

दोघेही काही वेळ गप्प बसले. मला १९७१ चा क्नुथचा तो लेख आठवला, ज्यात पुष्कळशा फोरट्रान प्रोग्रामांतली विधाने किती वेळा चालतात ते मोजून त्याने लिहिले होते की प्रोग्रामच्या चार टक्क्यांहून कमी भागात सामान्यतः निम्म्याहून अधिक वेळ जातो. पण मी तो काढला नाही, कारण दोघांनाही तो पाठ असणार.

“तुमचे २६ लाख पाहू या का?” भाची म्हणाली आणि तिने लॅपटॉप उघडला. हेमचंद्राच्या मालिकेचे ते फंक्शन सी भाषेत उतरवायला तिला दोन मिनिटेही लागली नाहीत. कंपायलरला कोणतीही चतुराई करू नकोस असे बजावून तिने प्रोग्राम तयार केला, फंक्शनच्या दाराशी सापळा लावला, आणि तो चालवला. एरवी पापणी लवण्याआधी संपणारा तो जीव काही सेकंद रेंगाळला, तेव्हा तिने मामांकडे अर्थपूर्ण नजर टाकली. पडद्यावर आकडा उमटला: २६,९२,५३७. मामांनी वर्तमानपत्राची कड त्याच्याशेजारी धरून एकेक अंक ताडून पाहिला.

“आता नेहमीसारखा तयार करते,” ती म्हणाली, “म्हणजे माझ्या नोकरीत करतात तसा. कंपायलरला मोकळीक देऊन.”

प्रोग्राम पुन्हा चालला. उत्तर तेच आले. हाकांचा आकडा मात्र पुष्कळच लहान होता. मामांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला, आणि पडद्याकडे वाकून म्हणाले, “उत्तर बरोबर आहे. मग बाकीचे कागद गेले कुठे?”

“कुठे गेले नाहीत. आले, त्यांचे कामही झाले. बारनिशीत चढले नाहीत, एवढेच. कंपायलरने फंक्शनचा मजकूर त्याच्याच पोटात पुन्हा पुन्हा उतरवून ठेवला आहे. दोन टेबलांमधली भिंत पाडल्यावर कागद एका हातातून दुसऱ्या हातात जातो, दारातून जात नाही.”

“किती भिंती पाडल्या?”

“ते यंत्रभाषेतली संहिता काढून वाचल्याशिवाय नाही सांगता येणार.”

“मग काढ,” मामा म्हणाले, आणि वर्तमानपत्राची ती कड भरून गेली होती म्हणून त्यांनी पान उलटले व पेन्सिलीला टोक करायला घेतले.